पानाला तीन दात दिसले म्हणजे सेजब्रशच, असं नाही

मागच्या अंकात नेवाडाच्या रोड ट्रिपवरचा लेख होता. त्यात हायवेच्या कडेच्या राखाडी झुडपांचा फोटो छापला आणि खाली नुसतं 'सेजब्रश' एवढंच लिहिलं, तर त्यावर एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. म्हणून यावेळचं सगळं सदर त्या एका झुडपालाच देऊन टाकलंय. प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय, कारण या विषयात माणूस कुठून विचारतोय ते कळल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

प्रश्न, बॉयसीहून: मॅडम, आमच्या घरामागच्या टेकड्यांवर आम्ही दोघं रोज फिरायला जातो. सगळीकडे राखाडी झुडपं. अ‍ॅपवर फोटो टाकला तर तीन दिवसांत तीन वेगळी नावं आली. नक्की ओळखायचं कसं?

उत्तर: अ‍ॅपला शिव्या देऊ नका, चूक त्याची निम्मीच आहे. सेजब्रश हे एकाच झाडाचं नाव नाहीये, तो सगळा गोतावळा आहे. त्यातलं घरातलं मोठं माणूस म्हणजे बिग सेजब्रश, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, वनस्पतीशास्त्रज्ञ थॉमस नटॉल यांनी १८४१ मध्ये दिलेलं. ट्रायडेंटाटा म्हणजे तीन दातांचं. पान छोटंसं, एक ते चार सेंटिमीटर, देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद, अगदी सुताराच्या पाचरीसारखं, आणि त्या रुंद टोकाला तीन बोथट दात. पानाच्या दोन्ही बाजूंना बारीक पांढरी लव असते म्हणून लांबून सगळं झुडूप चंदेरी दिसतं.

आता अ‍ॅपचा गोंधळ कुठे होतो ते सांगते. या झुडपाला दोन प्रकारची पानं येतात. वसंतात जमिनीत ओल असते तेव्हा मोठी, ऐसपैस पानं फुटतात, त्यांचे दात कसेही असतात, कधी चार कधी पाच, आणि ही पानं उन्हाळा तापला की गळून जातात. दुसरी लहान पानं मात्र हिवाळाभर टिकतात, बर्फातसुद्धा. तुम्ही मे महिन्यात वरच्या कोवळ्या फांदीचा फोटो काढला असेल तर अ‍ॅपचं डोकं फिरणारच. ओळख पटवायची ती टिकाऊ पानांवरून, म्हणजे जरा आतल्या, जुन्या फांदीवरची बघायची.

मग साल बघा. जुन्या खोडाची साल लांब लांब पट्ट्यांत सुटते, सुतळीचा गुंडा उसवल्यासारखी. आणि मग वास. एक पान दोन बोटांत चुरडा, बोटं किंचित चिकट होतात आणि कापूर, निलगिरी आणि थोडासा कडवटपणा असा एकदम नाकात जाणारा वास येतो. दवणा हुंगलेल्या माणसाला हा वास दूरच्या नातेवाईकाचा वाटेल, आणि ते नातं खरंच आहे, दवणाही आर्टेमिसियाच. एकदा मी एक डहाळी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली आणि विसरले, मग पंधरा दिवस गाडीत बसणारा प्रत्येक जण विचारायचा की कुणाला सर्दी झालीय का.

पण मुख्य सावधगिरी पुढे आहे. तुमच्या टेकड्यांवर बिटरब्रश नावाचं झुडूपही भरपूर आहे, त्याचं नाव पुर्शिया ट्रायडेंटाटा, म्हणजे आडनाव वेगळं पण नाव तेच. पान पाचरीसारखं, टोकाला तीन दात. सगळं तेच! पहिल्यांदा बघणारा शंभर टक्के फसतो, मीही फसले होते. फरक असा की बिटरब्रशचं पान वरून चांगलं हिरवं असतं आणि खालून पांढुरकं, कडा खाली मुडपलेल्या, आणि चुरडलं तर तो कापराचा वास येत नाही. ते गुलाबाच्या कुळातलं आहे, वसंतात त्याला पाच पाकळ्यांची फिकट पिवळी फुलं येतात. सेजब्रश सूर्यफुलाच्या कुळातलं असूनही त्याला दिसण्यासारखी पाकळी म्हणून नाही, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास बारीक पिवळट दाण्यांसारखे तुरे येतात, परागकण वाऱ्यावर जातात, आणि मग अ‍ॅलर्जीवाल्यांचं नाक वाहायला लागतं.

तिसरा उमेदवार रॅबिटब्रश. सप्टेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला जे भडक पिवळं फुललेलं दिसतं आणि लोक ज्याला बघून "वा, सेजब्रश फुललंय" म्हणतात ते हे. पान अरुंद, दोऱ्यासारखं लांबट, दात अजिबात नाहीत.

प्रश्न, सिअ‍ॅटलहून: आम्ही इथे दहा वर्षं राहतो, एक सेजब्रश बघितलं नाही. पण डोंगर ओलांडून यकिमाला गेलो की सगळीकडे तेच. हे नेमकं कुठून कुठपर्यंत आहे?

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, "डोंगर ओलांडून". पॅसिफिकवरून येणारे ढग कॅस्केड्सच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात, पलीकडे पर्जन्यछाया. कॅलिफोर्नियात हेच काम सिएरा नेवाडा करतं. आय-९० हायवेने स्नोक्वाल्मी खिंड ओलांडली की फर, मग पाँडेरोसा पाइन, आणि एलेन्सबर्ग सोडून व्हँटेजकडे उतरायला लागलात की झाडं संपतात आणि राखाडी चादर सुरू होते. दोन-तीन तासांत एवढा बदल, मुलांना दाखवण्यासारखा आहे.

बिग सेजब्रशचं राज्य म्हणजे ढोबळमानाने कॅस्केड्स-सिएरापासून पूर्वेला रॉकीजच्या पलीकडे थोडंसं. पूर्व वॉशिंग्टन, पूर्व ऑरेगन, दक्षिण आयडाहोचं स्नेक नदीचं मैदान, जवळजवळ सगळा नेवाडा, युटा, वायोमिंग, पश्चिम कोलोरॅडो, माँटॅनाचा बराच भाग, उत्तर अ‍ॅरिझोना, उत्तर न्यू मेक्सिको. वर कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या कोरड्या दऱ्यांपर्यंत, खाली मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियापर्यंत. कॅलिफोर्नियात ते मुख्यतः सिएराच्या मागच्या बाजूला, म्हणजे हायवे ३९५ वरून जाल तिथे, मोनो लेक, बोडी वगैरे.

दक्षिणेची हद्द बघायची हौस असेल तर लास वेगासहून हायवे ९३ ने उत्तरेला एलीकडे निघा. सुरुवातीला मोहावी वाळवंट, तिथे क्रिओसोट बुश, हिरवट, लांब लांब उभी झुडपं. तास-दोन तासांनी रस्ता चढतो, हिवाळे कडक होतात, आणि क्रिओसोट मागे पडून सेजब्रश येतं. उष्ण वाळवंट आणि थंड वाळवंट यातली सीमारेषा बऱ्याच अंशी या दोन झुडपांवरूनच ओळखतात.

पूर्वेला मात्र अशी रेघ मारता येत नाही. ग्रेट प्लेन्सकडे जाल तसं उन्हाळ्यात पाऊस पडायला लागतो, गवताचा जोर वाढतो आणि बिग सेजब्रश तुरळक होतं, त्याच्या जागी भावंडं दिसतात, त्यांच्याबद्दल डेन्व्हरच्या प्रश्नात लिहिते.

अजून एक, बिग सेजब्रशच्या या पट्ट्याच्या आतसुद्धा ते सगळीकडे नसतं. ग्रेट बेसिन म्हणजे नेवाडा आणि पश्चिम युटाकडचा मोठा खोलगट प्रदेश, तिथल्या दऱ्यांचा तळ खारट असतो, पाणी बाहेर जायला वाटच नाही ना, ते तिथेच आटतं आणि मीठ मागे राहतं. खारट जमीन बिग सेजब्रशला सोसत नाही, तिथे शॅडस्केल आणि ग्रीसवूड ही दुसरी झुडपं. म्हणजे दरीच्या मधोमध उभं राहून डोंगराकडे बघाल तर आधी पांढरी खारट माती, मग ग्रीसवूड-शॅडस्केल, मग सेजब्रश, त्याच्यावर जुनिपर आणि पिन्यन पाइन, असे पट्टे दिसतात. गेल्या शतकातले शेतकरी हे बरोबर ओळखून होते, जिथे सेजब्रश माणसाच्या डोक्याएवढं वाढलंय तिथली माती खोल आणि गोडी, नांगर घाला. आणि घातलाच, त्यामुळे सगळ्यात उंच सेजब्रशच्या जागा आज बटाट्याची आणि अल्फाल्फाची शेतं झाल्यात.

प्रश्न, सॉल्ट लेक सिटीहून: हौशी निसर्गनिरीक्षक आहे. पुस्तकात बिग सेजब्रशच्या तीन उपजाती दिल्यात, बेसिन, वायोमिंग आणि माउंटन. मला तर तिन्ही सारख्याच दिसतात. एवढा बारीक फरक करून उपयोग काय?

उत्तर: आधी उपयोग. वणवा लागून गेला की सरकारी खाती विमानातून सेजब्रशचं बी टाकतात. कोरड्या, उथळ मातीच्या जागी खोल मातीतल्या उपजातीचं बी टाकलं तर ते टिकत नाही, सगळा खर्च पाण्यात. म्हणून हा फरक ओळखणं हा काही लोकांचा पोटापाण्याचा धंदा आहे, नुसती हौस नाही.

आता ओळख. पान हातात घ्यायच्या आधी चार पावलं मागे जा आणि झुडूप उभं कुठे आहे ते बघा. माझ्या मते निम्मी ओळख तिथेच होते आणि पुस्तकं नेमकी हीच गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतात.

दरीत, ओढ्याच्या काठी, जुन्या कुंपणाच्या कडेने, खोल मातीत उंच वाढलेलं असेल, एक मीटरच्या वर, कधी तीन मीटरपर्यंत, खाली झाडासारखं एक ठसठशीत खोड असेल, तर बेसिन. पान लांबट अरुंद, कडा सरळ.

कोरड्या सपाटीवर, दगडगोट्यांच्या उथळ मातीत, वर्षाला आठ ते बारा इंच पाऊस, झुडूप गुडघा ते कमरेएवढं, जमिनीपासूनच तीन-चार वाकडीतिकडी खोडं फुटलेली, तर वायोमिंग. पान आखूड, कडा बाहेर वळलेल्या, उलट्या धरलेल्या घंटेसारखं. या उपजातीला शास्त्रीय नाव १९६५ मध्ये मिळालं, म्हणजे तोपर्यंत पश्चिमेतलं सगळ्यात कॉमन सेजब्रश दुसऱ्याच्याच नावावर जगत होतं.

वर डोंगरात, जिथे बर्फ साठतो, पाऊस बारा इंचांच्या वर, तिथे माउंटन. याची खूण लांबूनही दिसते, झुडपाचा माथा सपाट, कातरीने छाटल्यासारखा, आणि फुलांचे तुरे त्या सपाटीच्या वर एका उंचीला उभे. बाकी दोघांचा माथा विस्कटलेला, तुरे पानांच्या मधूनच कुठूनही निघालेले. वासही जरा गोडसर, पुदिन्याच्या बाजूला झुकणारा. ग्रँड टीटनच्या पायथ्याशी जी मोठी राखाडी मैदानं दिसतात, फोटोत पुढे झुडपं मागे सुळके, ती मुख्यतः याचीच.

आणि एक टेस्ट, जी मला फार आवडते. एली गावात एका मोटेलमध्ये मी केली होती. बाथरूममधले दोन ग्लास घेतले, दोन्हीत थोडं पाणी, एकात सकाळी दरीतून आणलेली चार-पाच पानं चुरडून टाकली, दुसऱ्यात दुपारी डोंगरावरून आणलेली. दिवे बंद केले आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, विंचू शोधायला किंवा नोटा तपासायला वापरतात तसा. दरीतल्या पानांचं पाणी मंद, जवळजवळ काहीच नाही, आणि डोंगरावरच्या पानांचं पाणी एकदम निळं-दुधाळ पेटलं, ग्लासमध्ये ट्यूबलाइट लावावी तसं. माउंटन उपजातीत कुमारिन नावाची द्रव्यं जास्त असतात, त्यांचा हा प्रकाश. बेसिन आणि वायोमिंग मात्र या टेस्टने वेगळे होत नाहीत, दोन्ही मंद, त्यासाठी परत माती आणि उंची. आणि जिथे दोन उपजाती शेजारी वाढतात तिथे त्यांचा संकर होतो, मग पाणीही अर्धवट चमकतं आणि आपणही अर्धवट होतो. गुणसूत्रं मोजली तर थोडा उलगडा होतो, वायोमिंगला कायम ३६, इतर दोघांना १८ किंवा ३६, पण ते लॅबचं काम.

पुढचा धोका म्हणजे बुटकी मंडळी. अर्ध्या मीटरच्या खाली राहणाऱ्या दोन स्वतंत्र जाती आहेत, लो सेजब्रश आणि ब्लॅक सेजब्रश, त्यांना लोक बिग सेजब्रशची पोरं समजतात. लो सेजब्रश उथळ, चिकण मातीत, जिथे खाली कडक थर असल्याने मूळ खोल जात नाही. ब्लॅक सेजब्रश बहुतेक वेळा चुनखडीच्या जमिनीवर, रंगाने जरा काळपट हिरवं, आणि गेल्या वर्षीचे तपकिरी तांबूस तुऱ्यांचे दांडे तसेच उभे. सोपी युक्ती सांगू का, सगळा उतारच्या उतार बुटका असेल आणि खोडं म्हाताऱ्यासारखी जाड असतील तर ती पोरं नाहीत, ती वयस्क आहेत.

प्रश्न, फ्रीमाँटहून: माउंट डायाब्लोवर ट्रेकला गेलो तेव्हा बोर्डवर 'कॅलिफोर्निया सेजब्रश' लिहिलं होतं, पण पान तर शेपूच्या भाजीसारखं बारीक होतं. बोर्ड चुकलाय का?

उत्तर: बोर्ड बरोबर आहे आणि शेपूची उपमाही झकास आहे. ते आर्टेमिसिया कॅलिफोर्निका, बिग सेजब्रशचं किनाऱ्यावरचं भावंड. पान दोऱ्यासारखं चिरलेलं, मऊ, करडं-हिरवं. बे एरियाच्या टेकड्यांपासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली बाहा कॅलिफोर्नियापर्यंत. हवामान अगदी उलटं आहे ना तिथलं, हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा, पण बर्फ नाही, त्यामुळे हे झुडूप उन्हाळ्यात बरीचशी पानं टाकून सुकल्यासारखं उभं राहतं आणि पहिल्या पावसाला परत हिरवं. वास इतका छान की त्याला गमतीने 'काउबॉयचं कोलोन' म्हणतात, गुरं राखताना अंगाला चोळायचे म्हणे.

दक्षिणेला सॅन डिएगो, लॉस एंजेलिसच्या आसपास हे झुडूप जिथे होतं तीच जागा बिल्डरांनाही आवडली, समुद्राजवळची उतरती टेकडी. त्या झुडपांतच राहणारा कॅलिफोर्निया नॅटकॅचर नावाचा मुठीत मावणारा राखाडी पक्षी १९९३ मध्ये संकटग्रस्त यादीत गेला, तेव्हा कुठे या झुडपाकडे लोकांचं लक्ष गेलं. तुम्हाला तीन दातवालं बघायचं असेल तर सिएरा ओलांडा, मोनो लेकच्या काठाला बिग सेजब्रश आणि बिटरब्रश शेजारी शेजारी आहेत, वरच्या बॉयसीच्या उत्तराची परीक्षा तिथेच देता येईल.

प्रश्न, डेन्व्हरहून: कोलोरॅडोच्या आग्नेय बाजूला, कॅन्ससच्या रस्त्यावर वाळूच्या टेकड्यांवर राखाडी झुडपं दिसतात. तेच का?

उत्तर: नाही, ते सँड सेजब्रश, आर्टेमिसिया फिलिफोलिया. पान केसासारखं बारीक, दात नाहीत, आणि पायाखाली वाळू असणारच. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको हा त्याचा पट्टा. उत्तरेला, माँटॅना-डकोटापासून कॅनडातल्या अल्बर्टा, सस्कॅचेवानपर्यंत सिल्व्हर सेजब्रश लागतं, त्याचं पान लांबट चंदेरी आणि बहुधा अखंड, दाताशिवाय. सिल्व्हर सेजब्रश जळलं तर बुडातून परत फुटतं, बिग सेजब्रश फुटत नाही, जळलं की संपलं. थ्रीटिप सेजब्रश नावाचं अजून एक आहे, मुख्यतः आयडाहो आणि आसपास, त्यात दात नसून पान खोलवर तीन अरुंद बोटांत चिरलेलं असतं, त्रिशूळासारखं.

प्रश्न, ऑस्टिनहून: सेज म्हणून स्वयंपाकात वापरता येतं का? आणि मलेरियाचं औषध यातूनच काढतात असं वाचलं.

उत्तर: दोन्ही नाही. स्वयंपाकातलं सेज म्हणजे साल्व्हिया, ते तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं, नावाशिवाय काही संबंध नाही. सेजब्रश कडूजहर असतं, त्यातली तेलं गुरांच्या पोटातल्या जिवाणूंनाही त्रास देतात, म्हणून गुरं ते टाळतात. मलेरियाचं औषध आर्टेमिसिया अ‍ॅन्युआमधून, ते चीनमधलं वर्षायू झाड, त्यावरच्या कामासाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गोत्र एक, घर वेगळं.

प्रश्न, ट्विन फॉल्सहून: आमच्याकडच्या सेजब्रशला बोरासारखी मऊ, करडी फळं लागलीत. खाण्यासारखी आहेत का?

उत्तर: अहो ती फळं नव्हेत! एक फोडून बघा, आत स्पंजसारखं असतं आणि मधे बारीक अळी. चिलटाएवढी माशी फांदीत अंडी घालते आणि झाड त्या जागी गाठ करतं. झाडाला फारसं काही होत नाही. खरं बी इतकं बारीक असतं की तळहातावर घेतलं तर धूळ वाटेल.

प्रश्न, रीनोहून, सातवीतल्या मुलीकडून, आईने टाइप केलेला: मला शाळेत नेवाडाच्या स्टेट फ्लॉवरवर प्रोजेक्ट करायचंय. एवढं साधं झुडूप का निवडलं? त्याचा उपयोग काय?

उत्तर: बेटा, तुझा प्रश्न सगळ्यात छान आहे. नेवाडाने १९१७ मध्येच ते आपलं मानलं, झेंड्यावर चांदणीखाली दोन डहाळ्या आहेत त्या सेजब्रशच्या. दुसऱ्या राज्यांनी देखणी फुलं निवडली, नेवाडाने जे खरोखर अंगणात होतं ते निवडलं, मला तरी हे आवडतं.

उपयोग विचारतेस तर सुरुवात चपलेपासून कर. ऑरेगनमध्ये फोर्ट रॉक नावाची गुहा आहे, १९३८ मध्ये ल्यूथर क्रेसमन नावाच्या संशोधकाला तिथे डझनावारी चपला सापडल्या, सेजब्रशची साल वळून, विणून केलेल्या. त्या ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली होत्या, ज्या स्फोटातून आजचं क्रेटर लेक झालं त्याच्या राखेखाली, आणि नंतर वय काढलं तर नऊ हजार वर्षांहून जास्त. मी वर लिहिलं ना की साल सुतळीसारखी सुटते, तीच ही साल. प्रोजेक्टमध्ये सालीचा एक तुकडा चिकटव, नॅशनल पार्कमधून मात्र आणू नकोस, तिथे काहीही तोडायला बंदी असते.

मग सेज-ग्राउस नावाचा कोंबडीसारखा मोठा पक्षी. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली असतं तेव्हा तो जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खाऊन जगतो, गुरांना जे सोसत नाही ते याला पचतं. वसंतात पहाटे नर मोकळ्या जागी जमतात आणि छातीच्या पिशव्या फुगवून नाचतात, अगदी वरातीत नाचावं तसं. पिग्मी रॅबिट नावाचा छोटुसा ससाही हिवाळ्यात याच पानांवर असतो.

आणि पाणी. सेजब्रशची काही मुळं खोल जातात, काही वर पसरतात. रात्री खोल मुळांनी ओढलेलं पाणी वरच्या मुळांतून कोरड्या मातीत झिरपतं, आणि शेजारचं गवतही त्यातलं थोडं पितं. युटामधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये हे मोजून दाखवलं. हा भाग चित्र काढून दाखव, मार्क नक्की मिळतील.

संकट कसलं हेही लिही. युरोप-आशियातून आलेलं चीटग्रास नावाचं गवत झुडपांमधली मोकळी जागा भरून टाकतं. उन्हाळा सुरू होतो न होतो तोच ते वाळून कोळ होतं, ठिणगी पडली की सगळं पेटतं. पूर्वी झुडपांमध्ये मोकळी माती असायची म्हणून आग फार पळायची नाही. सेजब्रश बुडातून फुटत नाही, त्याचं बी आईपासून थोड्याच अंतरावर पडतं आणि फार दिवस टिकत नाही, त्यामुळे मोठा पट्टा जळला की मधल्या भागात बी पोचतच नाही. चीटग्रास मात्र पुढच्या वर्षी हजर. डोंगरावरचं सेजब्रश काही दशकांत सावरतं, कोरड्या सपाटीवरचं वायोमिंग सेजब्रश शतकभरातही सावरेल याची खात्री नाही.

प्रश्न, परत बॉयसीहून: मॅडम, सोबत तीन फोटो पाठवतोय. कुठलं काय ते सांगाल का? बायको म्हणते तिन्ही सेजब्रश, मी म्हणतो एकच.

उत्तर: दोघंही चुकलात, दोन आहेत. पहिल्या फोटोत पान दोन्हीकडून चंदेरी, कमरेएवढं झुडूप, माथा विस्कटलेला, पायाशी खडे आणि वाळलेलं चीटग्रास, बिग सेजब्रशच, आणि बहुतेक वायोमिंग उपजात. दुसरा फोटो बिटरब्रश, पान वरून हिरवं आहे आणि कडा मुडपलेल्या स्पष्ट दिसतायत. तिसराही सेजब्रश आहे एवढं पानावरून सांगते, पण तुम्ही पान इतकं जवळून काढलंय की झुडूप गुडघ्याएवढं आहे की डोक्याएवढं काही कळायला मार्ग नाही, त्यामुळे उपजात सांगणार नाही. परत जाल तेव्हा अजून दोन फोटो काढा, एक पूर्ण झुडपाचा, शेजारी वहिनींना उभं करून, आणि एक पायाखालच्या मातीचा.